मागून येणारी शीळ

१

पाच मिनिटं. पक्षी मोजायची रीत एवढीच. वाटेवर दर दोनशे मीटरला झाडावर नारिंगी त्रिकोण ठोकलेला असतो. त्याच्याखाली उभं राहायचं, घड्याळ लावायचं आणि तोंड मिटायचं. पाच मिनिटांत जे दिसेल, जे ऐकू येईल ते लिहायचं: कोण, किती, किती अंतरावर, आणि आपल्याकडे तोंड आहे की पाठ. हा शेवटचा रकाना माझ्या नवऱ्याने स्वतःच्या मनाने घातलेला. पक्षी पाठमोरा असला की ओळखण्यात चूक होते, असं मकरंदचं म्हणणं. आणि ओळखता आलं नाही तर अंदाज ठोकून द्यायचा नाही, सरळ 'ओळख पटली नाही' असं लिहायचं.

मला पक्ष्यांचं काडीचं वेड नाही. जॉन्सनव्हिलच्या घरी बावीस वर्षं मी या माणसाच्या दुर्बिणी सोफ्यावरून उचलून कपाटात ठेवत आले. आता त्यातलीच एक माझ्या गळ्यात होती, आणि हिमनदीच्या या वाटेवर वर्षभरातली ही माझी चौथी खेप होती. मला एकच पक्षी हवा होता. त्याचा रंग माहीत नाही, आकार माहीत नाही, फक्त आवाज माहीत. तो सापडला तर मी सुटले. नाही सापडला, तर गेल्या वर्षी मी माझ्या जिवंत नवऱ्याकडे पाठ फिरवून गाडीत बसले आणि निघून गेले. इतकं साधं आहे ते.

या वेळी सोबत धैर्यशील भावजी होते, मकरंदचे धाकटे भाऊ. ऑकलंडला हिल्सबरोला राहतात. वर्ष झालं, निदान एकदा जाऊन हात जोडून येऊ म्हणून आले होते. गाडीतळावर उतरल्यापासून त्यांनी जॅकेटची चेन तीनदा वरखाली केली. सकाळचे नऊ वाजत होते, आभाळ स्वच्छ, कोवाईची झाडं पिवळ्या फुलांनी लगडलेली. वसंतात इथे सगळं असं बेशरमासारखं फुलतं.

"वहिनी, फार वरपर्यंत जायचं नाही ना?" ते म्हणाले.

"तुम्हाला भीती वाटत असेल तर गाडीत बसा," मी म्हटलं.

ते हसले. पण किल्ली खिशात न टाकता हातातच धरून चालायला लागले.

२

गेल्या वर्षी चार ऑक्टोबरला सकाळी सातला मकरंद मोटेलमधून निघाला. मी गेले नाही. आदल्या दिवशी सँडफ्लायनी माझ्या घोट्यांची चाळण केली होती. दिसायला चिलटं, पण चावली की आठ दिवस खाजवत बसायचं. "तू आणि तुझे पक्षी," मी पांघरुणातूनच म्हटलं. "दहाला येतो, मधू, मग पॅनकेक खायला जाऊ," तो म्हणाला. दहा वाजले, बारा वाजले. दोन वाजता मी पोलिसांना फोन केला.

नऊ दिवस शोधलं. माणसांनी, कुत्र्यांनी, हेलिकॉप्टरने. नदीचे दोन्ही काठ पिंजून काढले. चार दिवस पाऊस कोसळत होता, मग बर्फ अगदी खालच्या झाडांपर्यंत उतरलं. नवव्या दिवशी शोधपथकाच्या प्रमुखाने माझ्यासमोर डोक्यावरची टोपी काढली. भला माणूस. तो काही बोलायच्या आतच मला कळलं.

तिकडे पुण्याला सासूबाई, शांताबाई, शहाऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. "माझे डोळे मिटायच्या आत त्याला गती मिळू दे," एवढंच धरून बसल्या. पहिले गुरुजी म्हणाले, देह सापडलेला नाही, बेपत्ता माणसासाठी शास्त्रात बारा वर्षं थांबायला सांगितलंय. भावजींनी दुसरे गुरुजी शोधले. ते म्हणाले, चालतं हल्ली. आमची ईशा म्हणाली, "आई, डोन्ट. प्लीज डोन्ट." आणि मी हो म्हटलं. मला झोप हवी होती. हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानाने गेला, असं आपण मानतो. या खोऱ्यात कावळा औषधालाही नाही. गुरुजींनी फोनवर सांगितलं, दर्भाचा करा. दर्भ कुठून आणायचा? भावजींनी नदीकाठचं उंच गवत उपटून त्याचा कावळा वळला, आणि त्या गवताच्या धारेने बोटं कापून घेतली. नदीकाठी वाटसरूंसाठी निवारा आहे: एक पत्रा, एक टेबल, एक बाक. त्या टेबलावर, 'पक्ष्यांना खाऊ घालू नका' या पाटीच्या बरोबर खाली, मोटेलच्या कुकरमध्ये शिजवलेल्या भाताचे पिंड काळे तीळ लावून ठेवले.

गवताच्या कावळ्याची गरजच पडली नाही. किआ आला. हिरवा डोंगरी पोपट, कोंबडीएवढा, आगाऊ. टुणटुणत टेबलावर चढला आणि पहिल्याच पिंडावर त्याने चोच मारली.

"शिवला! वहिनी, शिवला!" भावजी रडत ओरडले. मग डोळे पुसून म्हणाले, "चला. आता मागे वळून बघायचं नाही."

आम्ही दहाबारा पावलं गेलो असू. मागून, नदीच्या बाजूने शीळ आली. दोन लांब, एक आखूड. आखूड खाली घसरणारी.

ती शीळ मला माहीत होती. सुपरमार्केटमध्ये चुकामूक झाली की मकरंद दोन रांगा पलीकडून मला अशीच बोलवायचा. आणि मी कधी वळायचे नाही. "मी काय रिक्षा आहे का, शीळ घालून थांबवायला?" म्हणायचे. बावीस वर्षं मी त्या शिळेला पाठच दाखवत आले, आणि त्या दिवशीही दाखवली. शास्त्र म्हणा, सवय म्हणा. शीळ तीनदा आली.

"आई, व्हॉट बर्ड इज दॅट?" ईशाने विचारलं.

"असेल कुठला तरी," मी म्हटलं.

३

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. नळीवर नाव नसेल तर नमुना फेकून द्यायचा, हा तिथला नियम. वाटतंय, भासतंय, याला किंमत शून्य. म्हणून घरी परतल्यावर मी त्या शिळेला नाव शोधायला घेतलं. या देशातल्या झाडून सगळ्या पक्ष्यांचे आवाज ऐकले. भांडी घासताना ऐकले, बसमध्ये ऐकले. रिरोरिरो हा एवढासा करडा पक्षी कसा थरथरत गातो ते मला झोपेतही सांगता येईल. दोन लांब, एक आखूड, असा कोणीच निघाला नाही.

डिसेंबरात मी परत इथे आले. गावात पक्षीगणतीचं काम बघणारी एक बाई आहे, तिला शीळ घालून दाखवली. मला धड घालता येत नाही, पण तिला कळली. "असेल तुई," ती म्हणाली. "तुई कशाचीही नक्कल करतो, गाडीच्या अलार्मचीसुद्धा."

मी त्या बाईचे दोन्ही हात धरले. तुई असू दे रे देवा. कुठल्या तरी गाढव टुरिस्टाने इथे शीळ घातली असेल, तुईने उचलली असेल, आणि नेमकी त्या दिवशी म्हटली असेल. असं होऊ शकतं की नाही? हजार गोष्टी होतात. मग मकरंद चार तारखेलाच नदीत गेला, एका क्षणात गेला, आणि मी जे केलं ते एका मेलेल्या माणसासाठी केलं.

मार्चमध्ये आले, जुलैत आले. दर वेळी निवाऱ्यातल्या बाकावर नदीकडे तोंड करून तास न् तास बसायचे. समोर दुधाळ करडं पाणी, त्याच्या पलीकडे दीडशे मीटरवर दगडगोट्यांचा काठ आणि त्यामागे सरळसोट कडा. त्या काठाला जायला ना पूल, ना वाट. पाण्याचा आवाज एवढा की माणसाची हाक ऐकू यायची नाही, शीळ मात्र यावी. तुई यायचे, गायचे, पण ती शीळ नाही. परतताना मी कानात इयरफोन घालून पुढच्या आवाजांचा अभ्यास करत चालायचे.

निवाऱ्यात लाकडी पेटीत एक वही ठेवलेली असते. आलेगेले लोक त्यात दिसलेले पक्षी लिहून जातात. जुलैत मी त्यात इंग्रजीतून लिहिलं: दोन लांब आणि एक आखूड अशी शीळ घालणारा पक्षी कुणी ऐकला असेल तर कृपया खाली नोंद करा. माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या. मुलाला गती मिळाली म्हणत अगदी समाधानाने गेल्या, असं भावजींनी कळवलं.

४

तर या ऑक्टोबरात, भावजींना घेऊन, निवाऱ्याशी पोचल्या पोचल्या मी आधी पेटी उघडली.

माझ्या नोंदीखाली तीन उत्तरं होती. तीन! मला आधी अक्षरं दिसेनात, डोळे असे भरून आले. मी भावजींच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "पक्षी आहे! भावजी, पक्षी आहे हो! लोकांनी ऐकलाय!" वर्षभरात मी अशी हसले नव्हते. मला वाटलं ईशाला फोन करावा. ती अल्बनीला शिकते, या खेपेला 'आय कान्ट, आई' एवढंच म्हणाली होती. पण इथे रेंज नाही. परत गेल्यावर करू म्हटलं.

भावजींनी खिशातून चष्मा काढला आणि नोंदी वाचल्या. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं.

"वहिनी, हे बघा."

जुलैअखेरची नोंद टिमारूच्या एका जोडप्याची: ऐकला, फार गोड, आम्ही निघालो तेव्हा मागून. ऑगस्टची एका जर्मन मुलीची: ऐकला, मागे वळले, काही दिसलं नाही. सप्टेंबरची नोंद बिननावाची: दोनदा ऐकला, दोन्ही वेळा पाठीमागून, पक्षी आहे ना नक्की?

"सगळ्यांना मागूनच," भावजी म्हणाले.

"मग? निवाऱ्यातून निघालं की वाट नदीकडे पाठ करूनच जाते. मागून नाही तर कुठून ऐकू येणार?" मी म्हटलं. अगदी बरोबर होतं माझं. नकाशा काढून दाखवला असता तरी बरोबर ठरलं असतं. पण त्याच बाकावर लोक नदीकडे तोंड करून डबे खातात, फोटो काढतात, अर्धा अर्धा तास बसतात. त्यातल्या एकानेही कधी ऐकला नव्हता. हे माझ्या डोक्यात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

"आता पुढच्या त्रिकोणांवर मोजू," मी म्हटलं. "आज सापडणार तो."

५

पाचव्या त्रिकोणाशी रिरोरिरो दोन, तुई एक. सहाव्याशी नुसतं हेलिकॉप्टर, टुरिस्टांना बर्फ दाखवायला नेणारं. सातवा त्रिकोण वळणावर आहे. तिथे वाट थोडी चढते आणि झाडांमधल्या फटीतून खालची नदी दिसते. आम्ही नदीकडे पाठ करून उभे राहिलो. मी घड्याळ लावलं, फोनवरचं आवाज ओळखणारं ॲप सुरू केलं आणि ओठावर बोट ठेवलं.

तिसऱ्या मिनिटाला आजूबाजूचे पक्षी गप्प झाले. होतं असं. ससाणा फिरत असला की होतं. मी वर बघितलं, आभाळ रिकामं होतं.

मग मागून शीळ आली. दोन लांब, एक आखूड.

भावजींनी माझं मनगट धरलं, म्हणजे त्यांनीही ऐकली होती. या वेळी मी वळले. आम्ही दोघंही वळलो, एकदम. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या शिळेला वळले.

नदी. गोटे. पलीकडचा काठ. काठावर एक वठलेलं खोड उभं, पुरात वाहून आलेलं असतं तसं. एकही पक्षी नाही, ना झाडावर, ना पाण्यावर. मी दुर्बीण डोळ्यांना लावणार तेवढ्यात हातातला फोन थरथरला. ॲपने नवं नाव दाखवलं होतं. रिरोरिरोच्या खाली, तुईच्या खाली, छोट्या अक्षरांत: माणूस.

आसपास कुणी बोललं की ते ॲप तसं दाखवतं. तशी सोयच आहे त्यात.

"आपण बोललो असू," भावजी म्हणाले.

आम्ही तीन मिनिटं हूं की चूं केलं नव्हतं. मी दुर्बीण लावली आणि पलीकडचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. गोटेच गोटे. खोड कुठे दिसेना.

६

भावजी वाटेवरच खाली बसले, ओल्या शेवाळावर, नव्या कोऱ्या पँटीसकट. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, मी बघितलं होतं," ते म्हणाले.

"काय बघितलं होतं?"

"त्या दिवशी. तुम्हाला म्हटलं मागे बघू नका, आणि मीच बघितलं. शीळ आली तेव्हा."

मी पाच मिनिटांचं घड्याळ बंद केलं.

"पलीकडच्या काठावर कुणीतरी होतं. दोन्ही हात हलवत होतं. असं, डोक्यावरून."

"कोण होतं?"

"अंतर फार होतं हो."

"कोण होतं, भावजी?"

"निळं जॅकेट होतं."

मकरंदचं जॅकेट निळं. पोलिसांच्या कागदावर मीच तसं लिहून दिलं होतं.

"मग ओरडला का नाहीत?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तिथून गाव दहा मिनिटांवर. हेलिकॉप्टर तिथेच उभं होतं. सांगितलं का नाही कुणाला?"

भावजी लहान मुलासारखे रडायला लागले. "पिंड शिवला होता, वहिनी! तुमच्या डोळ्यांसमोर शिवला. विधी पूर्ण झाला होता. दादा गेला होता. मग हात हलवणारा तो कोण? मला तिथे दादा दिसलाच नाही. मला दुसरंच काहीतरी दिसलं. मला वाटलं, तुम्ही वळलात तर जाल त्याच्याकडे, पाण्यात शिराल. ईशा होती सोबत. मी घाबरलो हो."

"किती वेळ हलवत होता हात?"

त्यांनी मान खाली घातली. "आपण वळणाआड जाईपर्यंत."

म्हणजे त्यांनी एकदा नाही, अनेकदा बघितलं होतं. मी त्यांच्या मुस्काटात मारली. इतक्या वर्षांत ज्या माणसाला अहोजाहोशिवाय बोलले नाही, त्याला म्हटलं, "धैर्यशील, तू माझ्या नवऱ्याला मारलंस." आणि म्हणता म्हणताच कळलं की हे खोटं आहे. त्याने निदान वळून बघितलं तरी. शीळ ओळखीची होती ती मला. हो म्हटलं होतं ते मी.

७

त्याला तिथेच बसवून मी एकटी खाली उतरले. निवाऱ्यापर्यंत सात मिनिटं लागतात. वाटेत चिटपाखरू भेटलं नाही. गाडीतळावर सकाळपासून आमची एकच गाडी होती.

मला वहीतलं माझं पान फाडायचं होतं. आता ते पान कुणी वाचू नये, उत्तर देऊ नये, एवढंच डोक्यात होतं. पेटीचं झाकण लावलेलं होतं, आम्हीच लावून गेलो होतो. वही ओढून काढताना हातातून निसटली आणि टेबलावर उलटी पडली, मागचं पुठ्ठ्याचं पान उघडून.

मागून वही भरलेली होती. शेवटच्या पानावरून सुरुवात करून, उलटीकडून, पेन्सिलीने. बारीक तिरकं अक्षर. मराठी.

पहिली ओळ मी उभ्यानेच वाचली. '१३ ऑक्टोबर. स. ११.१०. माणसं ३. मधू, धैर्या, ईशा. अंतर १५० मी. पाठमोरी. शीळ ३ वेळा. प्रतिसाद नाही.'

कुणीतरी खोडी केली असेल, हा पहिला विचार. इथे मराठी माणसं ढिगाने येतात, दर दिवाळीच्या सुट्टीत येतात. पण अकरा वाजून दहा मिनिटं? ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही ते आठवत नव्हतं, वाचल्यावर आठवलं. आणि वही तर अलीकडच्या काठाला होती. ज्या टेबलावर आम्ही पिंड ठेवले त्याच टेबलाखालच्या पेटीत.

मी पानं उलटत गेले. रोजच्या नोंदी, एकही दिवस सुटलेला नाही. माणसं चार. माणसं दोन. माणसं अकरा, मुलं धरून. सगळी पाठमोरी. शीळ दिली, शीळ दिली, शीळ दिली. पक्षी एकही नाही. या माणसाने पक्षी मोजायचे सोडून दिले होते.

डिसेंबरात मी सापडले. 'माणसं १. मधू. तोंड इकडे. दोन तास. मी दिसलो नाही. परत जाताना शीळ. कानात काहीतरी घातलंय तिने.'

मार्चमध्ये: 'माणसं १. मधू असावी. तोंड इकडे. मी दिसलो नाही.'

जुलैत: 'माणसं १. बाई. पाहिल्यासारखी वाटते.'

मी खाली बसले. नदीकडे बघायची हिंमत होईना, आणि तिच्याकडे पाठ करायचीही होईना. शेवटची ओळ आजची होती. पेन्सिलीची भुकटी अजून कागदावर होती, बोट लावलं तर बोटाला आली. आम्ही दोघांनी सकाळी ही वही हाताळली होती, पण या ओळीत जे होतं ते तोवर घडलेलंच नव्हतं. आणि धैर्यशील वर वाटेवर बसला होता, माझ्याआधी तो खाली येणं शक्य नव्हतं.

'माणसं २. एक बाई, एक पुरुष. पाठमोरी. शीळ १ वेळा. दोघंही वळली. नीट बघितलं. ओळख पटली नाही.'

८

पोलिसांना मी निळ्या जॅकेटचं सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी पलीकडचा काठ पुन्हा धुंडाळला. एक बूटही सापडला नाही. वही मी दाखवली नाही. तिथे मराठी वाचणारं कोण आहे? आणि ज्यांना वाचता येतं, त्यांना कुठल्या तोंडाने दाखवू?

धैर्यशीलचे फोन येतात, मी घेत नाही. ईशाला मी सांगितलं की तो तुई होता. तिने 'ओके, आई' म्हटलं आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

मी अजून जाते. जमेल तेव्हा जाते. आता मी बाकावर बसत नाही, सातव्या त्रिकोणाशी जाऊन मुद्दाम नदीकडे पाठ करून उभी राहते. इयरफोन घरी ठेवून येते. पाच मिनिटं, वीस मिनिटं, बोटं गारठून बधिर होईपर्यंत. 'मकरंद, मी मधू,' असं मोठ्याने म्हणूनही झालं. पण पाण्याच्या आवाजात ते पलीकडे पोचत नसणार. वहीच्या मागच्या पानांवर माझी नोंद दर खेपेला असते, एवढंच: 'माणसं १. बाई. पाठमोरी.' पुढे काही नाही.

शीळ पुन्हा आली नाही, आणि आता येणारही नाही. पाठमोऱ्या लोकांना तो शीळ द्यायचा ती आपलं माणूस असेल म्हणून; मला तर त्याने नीट बघितलंय. परक्या बाईला शीळ घालणाऱ्यातला मकरंद नव्हता.